आप्पांची गाडी, ई२० पेट्रोल आणि १०० मिलीची बाटली : प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट २०२५, कोल्हापूर

आजपासून लिहायला सुरुवात. गाडी आप्पांची, २००९ ची मोटरसायकल, १०० सीसी, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), मीटरवर १ लाख १२ हजार. गेल्या वर्षभरात तीन तक्रारी आहेत. सकाळी चोक दिल्याशिवाय चालू होत नाही आणि चोक काढला की बंद पडते, पन्हाळ्याच्या चढाला पूर्वीसारखी ओढत नाही, आणि ॲव्हरेज पडलंय. गल्लीत कुणालाही विचारा, उत्तर एकच, "ते इथेनॉल घालायला लागल्यापासून असंच हाय". माझंही मत तेच होतं, पण मत असणं वेगळं आणि मोजून बघणं वेगळं. त्यात आमचा पुतण्या म्हणतो महागातलं १०० ऑक्टेन टाक, गाडी उडते. म्हणजे प्रश्न दोन झाले, इथेनॉलनं नेमकं काय होतं आणि ऑक्टेननं नेमकं काय होतं. लोक या दोन गोष्टी एकाच दमात बोलतात, मला त्या वेगळ्या करून बघायच्यात.

१५ ऑगस्ट

सुट्टी होती म्हणून आप्पांच्या वह्या काढल्या. आप्पा एसटीत कंडक्टर होते, वेबिल लिहायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळं गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक पेट्रोल भरल्याची नोंद आहे: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात कधीकधी "चेन ताणली", "मागचा टायर नवा" असं बारीक अक्षरात. टाकी नेहमी फुल करायचे त्यामुळं हिशोब सरळ निघतो. असा डेटा घरात पडून होता आणि मी कधी उघडून बघितला नव्हता.

दोन तास बेरजा केल्या. २०११ ते २०१३ सरासरी लिटरला ६१-६२ किलोमीटर. मग हळूहळू घसरण, २०१८ ला ५६ पर्यंत. २०१९ ला इंजिनचं काम केलं, बोअर-पिस्टन नवं, परत ५९-६०. २०२२-२३ ला ५७. आणि या वर्षी ५२-५३.

आता याच्यावरून लगेच उडी मारायची नाही. गाडीचं वय वाढलंय, मधल्या काळात शहरातली गर्दी दुप्पट झाली, आप्पांच्या जागी मी चालवतो आणि माझा हात जड आहे. पण पेट्रोलही बदललंय हेही खरंच. इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम तसा २००३ पासूनचा, पण २०१३-१४ पर्यंत देशात सरासरी मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होतं, म्हणजे आप्पांची ६१-६२ वाली वर्षं जवळजवळ शुद्ध पेट्रोलची. १० टक्के झालं जून २०२२ ला. ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, उद्घाटन फेब्रुवारी २०२३ ला, आणि २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं ते पाच वर्षं अलीकडं ओढून २०२५ लाच गाठलं. वहीतली घसरण आणि या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की मनात शंका येणारच, पण शंका म्हणजे पुरावा नाही.

१७ ऑगस्ट

पहिला प्रयोग, सगळ्यात सोपा. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून १०० मिलीचा मोजपात्राचा काचेचा सिलिंडर आणला. ५० मिली पाणी, त्यावर ५० मिली पंपावरचं साधं पेट्रोल, तोंडाला बूच, वीसेक वेळा उलटासुलटा केला, मधे मधे बूच सैल करून वाफ सोडली. गच्चीवर, आसपास काही पेटतं नाही हे बघून. मग ठेवून दिला.

तत्त्व असं की इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जास्त आवडतं. हलवलं की ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. आधी सगळं दुधासारखं गढूळ झालं, मग दोन मिनिटांत खालून नितळ व्हायला लागलं, मधे एक थरथरती रेघ तयार झाली आणि ती वर सरकत सरकत ५० वरनं साठच्या किंचित खाली येऊन थांबली. ५० मिली पेट्रोलातनं साधारण १० मिली खाली आलं, म्हणजे २० टक्के. (इथेनॉल आणि पाणी एकत्र आलं की आकारमान थोडं आक्रसतं, त्यामुळं रेघ साठला नाही तर जरा खालीच थांबते, हे ध्यानात ठेवायचं.) आप्पा शेजारी खुर्चीवर बसून बघत होते, म्हणाले, "हे लिही वहीत."

लिहिलं.

२४ ऑगस्ट

कागदावरचं गणित आज मांडून ठेवतो म्हणजे पुढं रस्त्यावरचे आकडे त्याच्याशी ताडता येतील.

एक लिटर पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलात २१. २० टक्के मिसळलं तर २९.८ च्या आसपास. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागं ६-७ टक्के ऊर्जा कमी. आणि १० टक्क्यांवरून २० वर आलो त्याचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ही गोष्ट कुणाच्या चुकीची नाही, इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, म्हणजे ते आधीच थोडं जळून आल्यासारखं, त्यामुळं जळताना उष्णता कमी देतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पण हे लपवलेलं नाही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला ट्यून केलेल्या दुचाकीला ई२० वर ३-४ टक्के आणि तशाच चारचाकीला ६-७ टक्के ॲव्हरेज कमी मिळेल असा अंदाज त्यात दिलाय.

दुसरी गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई२० ला साडेतेराच्या आसपास. नव्या एफआय गाडीला (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी) सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो ईसीयूला, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला, सांगतो की हवा जास्त होतेय, मग ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, विषय संपला. आमच्या कार्बोरेटरला हे कळायला ना डोळा ना कान. त्याचं भोक २००९ ला ज्या मापाचं पाडलं त्याच मापाचं. तो तेवढंच पेट्रोल सोडणार, आणि त्या पेट्रोलला आता कमी हवा लागते, म्हणजे मिश्रण आपोआप लीन होणार, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सकाळी चालू न होणं, चढाला दम नसणं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधनं फट्-फट् आवाज, हे सगळं लीन मिश्रणाचं लक्षण. सकाळच्या त्रासाला अजून एक कारण म्हणजे इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, थंड इंजिनला ती परवडत नाही.

तिसरी गोष्ट ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही. दाबाखाली पेट्रोल आपणहून पेट घ्यायला किती वेळ नकार देतं, त्याचा तो नंबर. बीएस६ च्या (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) साध्या पेट्रोलचा ९१, आणि २० टक्के इथेनॉल घातल्यावर तेच ९५ वर गेलं, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या घरात. म्हणजे लोक ज्याला हलकं पेट्रोल म्हणतायत त्याचा ऑक्टेन वाढलाय आणि ऊर्जा घटलीय, दोन्ही एकाच वेळी. हे कळल्यावर माझ्या डोक्यातली निम्मी गाठ सुटली.

३० ऑगस्ट

आज गाडीनं घात केला. गणपतीच्या गडबडीत शेडमध्ये मंडळाचं सामान होतं म्हणून गाडी आठ-दहा दिवस बाहेर उभी, वरनं पाऊस काय थांबला नाही. आज काढली, कशीबशी चालू झाली आणि शिवाजी पुलावर ऐन मधे बंद. ढकलत आणली.

घरी येऊन कॉकमधनं पाण्याच्या जुन्या बाटलीत २०० मिली काढलं आणि उन्हाकडं धरलं. दोन थर. वर नेहमीचं केशरी पेट्रोल, खाली दोन बोटं फिकट, पाण्यासारखं काहीतरी, बाटली तिरपी केली की खालचा थर जाडसर हलायचा. टाकीच्या झाकणाचं रबर बघितलं तर एका बाजूनं तडकलेलं, पाणी तिथनंच गेलं. चूक माझीच, झाकण दोन वर्षांपूर्वीच बदलायला हवं होतं.

पण एक गोष्ट शिकलो. पूर्वी टाकीत थोडं पाणी गेलं की ते तळाला थेंबासारखं पडून राहायचं. आता इथेनॉल ते पाणी आधी पिऊन घेतं, थोडं असेल तर इंजिनमधनं जळूनही जातं, काही कळतसुद्धा नाही. पण मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं, आणि कॉकचं तोंड खालीच असल्यानं कार्बोरेटरला पहिला तोच थर जातो. गाडी बंद पडायला अजून काय पाहिजे. वर उरलेल्या पेट्रोलमधनं इथेनॉल गेलेलं, म्हणजे त्याचा ऑक्टेनही उतरलेला.

३१ ऑगस्ट

गाडी उद्यमनगरात मेस्त्रींकडं नेली. हे मेस्त्री आप्पांच्या ओळखीतले, ही गाडी नवी असल्यापासून त्यांच्याच हाताखालनं गेलीय. त्यांनी कार्बोरेटर खोलून फडक्यावर मांडला आणि मला जवळ बोलवलं.

फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधलं पेट्रोल साठतं ती) तळाला पांढरी पावडर, नखानं खरवडली तर निघते. "हे ॲल्युमिनियम खाल्लंय," म्हणाले. मग फ्लोटची सुई दाखवली, टोकाला काळं रबर असतं ना, त्यावर गोल खाच पडलेली आणि रबर फुगून बुळबुळीत झालेलं, चिमटीत दाबलं तर ताज्या खोडरबरासारखं. पेट्रोलचा पाइप मात्र उलटा, कडक झालेला, वाकवला तर बारीक चिरा उघडल्या. मी म्हटलं मामा, सगळं इथेनॉलनं का? तर म्हणाले, "सगळं त्याच्या नावावर नको घालू भावा. पाइप सोळा वर्षांचा हाय, ह्यो कवातरी जाणारच हुता. पण सुई मागल्या सर्व्हिसिंगला नवी घातलीती, ती एवढ्यात अशी नसती झाली." हा माणूस प्रामाणिक आहे म्हणून मी त्याच्याकडं जातो.

नवीन सुई ई२० ला चालणाऱ्या रबराची, पाइप तसाच, वाटीची ओ-रिंग, टाकीचं झाकण, टाकी धुऊन घेतली, पेट्रोल फिल्टर नवा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना रबर-प्लास्टिक सगळं ई२० ला टिकणारं कंपनीतनंच येतं, जुन्या गाडीला ते आपणच करायचं. सगळे मिळून साडेसहाशे रुपये मजुरीसकट. एवढ्या पैशात होतंय हे मला आधी माहीत असतं तर वर्षभर घाबरत बसलो नसतो.

२ सप्टेंबर

बातमी, काल सुप्रीम कोर्टानं ई२० विरुद्धची याचिका फेटाळली. मागणी अशी होती की पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोल पण मिळावं. म्हणजे आता जे मिळतंय त्यातच गाडी नीट चालवणं आपल्या हाती. मला व्यक्तिशः पंपावर पर्याय असायला हवा होता असं वाटतं, निदान जुन्या गाड्यांसाठी ई१० तरी.

आज बाटली तयार केली. सर्व्हिसिंगवाले ॲव्हरेज दाखवायला वापरतात तीच युक्ती, खुणा केलेली प्लास्टिकची बाटली हँडलला टांगायची, तिचा पाइप थेट कार्बोरेटरला, टाकीचा कॉक बंद. बरोबर १०० मिली घालायचं आणि बंद पडेपर्यंत जायचं. टाकी-टू-टाकी हिशोबात पंपावर किती वर भरतो यावरच तीन-चार टक्के इकडंतिकडं होतं, बाटलीत ते होत नाही.

७ सप्टेंबर

पहिली मोजणी. सकाळी साडेसहा, वडणगे फाट्यापासनं केर्लीच्या दिशेला, वेग ४५ धरून, दोनदा जाताना दोनदा येताना, अंतर फोनच्या जीपीएसवर. चाकात हवा बघून घेतली, इंजिन आधी दहा मिनिटं तापवलं.

साधं ई२०: ५.२, ५.४, ५.३, ५.३ किमी. म्हणजे लिटरला ५३. कार्बोरेटर साफ केल्यावर सुद्धा आकडा वहीतल्यासारखाच आला.

१४ सप्टेंबर

तीच जागा, तीच वेळ, पंपावरचं महागातलं ९५ वालं. ५.३, ५.२, ५.३, ५.४. काहीच फरक नाही. सिलिंडरमध्ये पाणी घालून बघितलं तर रेघ तिथंच, साठच्या जरा खाली. म्हणजे यातही २० टक्के इथेनॉल आहेच, आणि साध्याचा ऑक्टेन आता ९५ असेल तर माझ्या इंजिनला यातनं नवीन काय मिळणार? काही कंपन्या त्यात इंजिन साफ ठेवणारी रसायनं घालतात त्याचा फायदा लांबच्या पल्ल्यात होत असेल, माझ्या १०० मिलीत तो दिसणार नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली, झेंडूचा हार, लिंबू. आप्पांनी स्वतः हळदकुंकू लावलं. धुवायच्या आधी प्लग काढून बघितला होता: पोर्सेलिनचा भाग पांढराफेक, चुन्यासारखा. वहीत २०१२ ची नोंद आहे, "प्लग चॉकलेटी, मेस्त्री खूश". पांढरा म्हणजे लीन, म्हणजे गरम. २४ ऑगस्टला कागदावर लिहिलेलं आज हातात धरून बघितलं.

१२ ऑक्टोबर

पुण्याला भावाकडं काम होतं, मुद्दाम गाडीवरच गेलो. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं, एक्सपी १००, जे डिसेंबर २०२० ला देशातल्या दहा शहरांत आलं आणि पुणे त्यातलं एक. भावाच्या पार्किंगमध्ये टाकी कॉकमधनं रिकामी केली, ते पेट्रोल त्याच्या गाडीत ओतलं, आणि पंपावर जाऊन टाकी फुल केली. लिटरला १६० च्या वर. कार्ड पुढं करताना जीव खालीवर झाला पण प्रयोगासाठी एकदाच.

येताना खंबाटकीचा घाट. जाताना आपण बोगद्यातनं जातो, येताना खरा चढ. ट्रकच्या मागं चौथ्यात ४० ला होतो आणि ॲक्सिलरेटर दिला तर गाडी खेचत गेली, तिसरा टाकावा लागला नाही. मनात म्हटलं पुतण्या खरं बोलत होता की काय. पण मनाला पटणं आणि बाटलीला पटणं यात फरक आहे, उद्या-परवा मोजू.

१४ ऑक्टोबर

आधी पाण्याची परीक्षा. रेघ पन्नासवरनं अर्धी रेघ वर सरकली आणि थांबली. ती अर्धी रेघ टाकीच्या कोपऱ्यात राहिलेल्या जुन्या पेट्रोलची. म्हणजे यात इथेनॉल नाही, आणि हाच खरा मुद्दा आहे. आपण पैसे देतो १०० या आकड्याचे आणि हातात पडतं शुद्ध पेट्रोल.

बाटली: ५.६, ५.७, ५.६, ५.७. म्हणजे ५६.५.

मग पन्हाळा. माझी पद्धत अशी, वाघबीळला चढ सुरू होतो तिथं चौथ्या गिअरमध्ये ४५ चा वेग आणि ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, कुठल्या वळणाला गिअर उतरवावा लागतो ते बघायचं. ई२० वर दुसऱ्या वळणालाच हात टेकले होते. आज चौथ्या वळणापर्यंत गेली. सबंध चढात कान इंजिनकडं, नॉकिंगचा (पेट्रोल दाबानं वेळेआधी आपणहून पेटण्याचा) तो खडखड आवाज येतोय का, आला नाही. पण तो ई२० वर पण आला नव्हता.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई टाळून हिशोबाला बसलो.

ई२० वर ५३, शुद्ध पेट्रोलवर ५६.५. म्हणजे ई२० वर सहा टक्क्यांच्या जरा वर कमी. कागदावरचं ऊर्जेचं गणित ६-७ म्हणत होतं. इतकं जवळ येईल असं खरंच वाटलं नव्हतं, एकाच गाडीची मोजणी आहे म्हणून छाती ठोकत नाही, पण आकडे माझे आहेत.

वहीतली घसरण मात्र ६० वरनं ५३, म्हणजे बारा टक्क्यांच्या घरात. त्यातली निम्मी पेट्रोलची, उरलेली निम्मी माझा हात, ट्रॅफिक आणि गाडीचं वय. "इथेनॉलनं पंधरा-वीस टक्के गेलं" म्हणणाऱ्यांनी एकदा चाकातली हवा आणि एअर फिल्टर पण बघावा, हे मी मनापासून सांगतो.

आणि ऑक्टेन? आमच्या इंजिनचं कॉम्प्रेशन ९ ला १ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबलं जातं. एवढ्या दाबाला ९१ पण पुरतं, नॉकिंग मुळात होतच नव्हतं तर ते थांबवणाऱ्या नंबरचा उपयोग काय. खंबाटकीत जी ओढ मिळाली ती १०० नंबरची नाही, इथेनॉल नसल्यानं मिश्रण परत योग्य झालं त्याची. पुतण्याच्या गाडीचं कॉम्प्रेशन १२ च्या वर आहे, तिच्या कंपनीनं जास्त ऑक्टेन मागितला असेल तर तिथं तो लागू, त्याला तसं फोनवर सांगितलं.

रुपयांत सांगायचं तर ई२० १०५ रुपये धरलं तर किलोमीटरला १ रुपया ९८ पैसे. १०० वालं १६० धरलं तरी २ रुपये ८३ पैसे. किलोमीटरमागं ८५ पैसे जास्त देऊन जी गोष्ट मिळते ती कार्बोरेटर सेट करून मिळत असेल तर तोच रस्ता.

ब्राझीलमध्ये लोक हा हिशोब पंपावर उभं राहून करतात. तिथं निव्वळ इथेनॉलचा वेगळा नळ असतो, आणि इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते भरायचं असा साधा नियम, कारण ऊर्जा साधारण तेवढीच. गाड्याही दोन्हीवर चालणाऱ्या. आपल्याकडं ऊर्जा कमी झाली पण लिटरचा भाव तोच राहिला, आणि लोकांचा खरा राग तिथं आहे असं मला वाटतं, आणि तो रास्त आहे.

२ नोव्हेंबर

गावी गेलो होतो. नानांचा सव्वा एकर ऊस. त्यांच्यासमोर इथेनॉलबद्दल काही बोलायचं म्हणजे जपून. "तुमच्या गाडीला एक किलोमीटर कमी पडला तर पडू दे, आमचं बिल वेळेवर निघतंय ते बघ," असं सरळ म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. पूर्वी मळी म्हणजे कारखान्याची डोकेदुखी होती, आता तिचा पैसा होतो. उसाच्या रसापासनं थेट केलं तर टनाला ७० लिटरच्या आसपास इथेनॉल. पण डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल म्हणून सरकारनं रसापासनं इथेनॉल करायला अचानक बंधनं घातली तेव्हा डिस्टिलरीत नुकते पैसे घातलेले कारखाने अडचणीत आले, हेही नानांनीच सांगितलं. आता मका आणि तांदळाचं इथेनॉलही मोठ्या प्रमाणात येतंय.

डिस्टिलरीत कामाला असलेल्या एका नातेवाइकानं एक गोष्ट सांगितली ती आवडली. नुसतं उकळून इथेनॉल ९५-९६ टक्क्यांच्या पुढं शुद्ध होतच नाही, उरलेलं पाणी त्याला सोडतच नाही. मग बारीक छिद्रांच्या खास दाण्यांमधनं वाफ पाठवतात, पाणी त्या दाण्यांत अडकतं आणि ९९.५ च्या वरचं इथेनॉल बाहेर येतं, तेच पेट्रोलला चालतं. एवढ्या कष्टानं काढलेलं पाणी माझ्या टाकीच्या तडकलेल्या झाकणातनं परत आत गेलं होतं.

९ नोव्हेंबर

जेटचं गणित. मेन जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा. आमच्या मेन जेटवर ७५ कोरलंय, म्हणजे भोक ०.७५ मिमी. हवेच्या हिशोबानं ई२० ला वजनावर साधारण ८-९ टक्के जास्त इंधन सोडायला हवं, ई२० किंचित जड असल्यानं आकारमानावर ७-८. भोकातनं जाणारं पेट्रोल क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. ७८ भागिले ७५ म्हणजे १.०४, त्याचा वर्ग १.०८. बरोबर आठ टक्के! ७८ चा जेट पाहिजे.

मेस्त्री म्हणाले काही लोक जुन्याच जेटमधनं तार फिरवून भोक वाढवतात, "तसलं करायचं न्हाई, भोक वाकडं झालं की कायमचं गेलं". दोन दुकानं फिरून ७८ चा मिळाला. तांदळाच्या दाण्याएवढी पितळेची वस्तू, आणि तिच्यातल्या केसाएवढ्या फरकासाठी तीन महिने चाललेत.

१६ नोव्हेंबर

जेट बदलला, आयडलचा स्क्रू रिच (जास्त पेट्रोलच्या) बाजूला किंचित, बास. पेट्रोल साधं ई२०.

बाटली: ५.२, ५.३, ५.२, ५.२. म्हणजे ॲव्हरेज वाढलं नाही, उलट लिटरला एखाद्या किलोमीटरनं कमीच झालं. मला वाटलं होतं वाढेल. रात्री विचार केल्यावर उलगडा झाला, आधी गाडी लीन होती म्हणजे काटकसरीनं अर्धपोटी चालत होती, आता पोटभर जेवतेय. जी ऊर्जा लिटरमध्ये नाहीच ती जेट कुठनं आणणार.

पण बाकी सगळं बदललं. सकाळी अर्ध्या चोकवर दुसऱ्या किकला चालू, सायलेन्सरची फट्-फट् गेली, आणि वाघबीळच्या चढाला चौथं वळण ओलांडून पाचव्याच्या तोंडाला गिअर उतरवला. १०० ऑक्टेनपेक्षा जरा पुढंच! आप्पांना फोन करून सांगितलं.

२३ नोव्हेंबर

ताईच्या स्कूटरचे आकडे, तुलनेला. डिसेंबर २०२२ ची, बीएस६, एफआय. ती ॲपमध्ये सगळं भरते. २०२३ ला सरासरी ४७.१, या वर्षी ४५.६. तीन टक्के. ई१० वरनं ई२० वर आल्याचा कागदी फरक साडेतीनच्या आसपास, म्हणजे जुळतंय. बाकी तिला काहीच तक्रार नाही, चालू व्हायची ना पिकअपची. सेन्सर आपलं काम करतोय. मात्र तिची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे, त्यामुळं पाइप आणि सील पुढच्या सर्व्हिसिंगला बघून घ्यायला सांगितलंय.

७ डिसेंबर

७८ चा जेट बसवून ११०० किलोमीटर झाले. टाकी-टू-टाकी ५२. प्लग काढला, कडेला राखाडी, मधे फिकट चॉकलेटी. मेस्त्रींना दाखवला, त्यांनी अंगठ्यानं पुसून परत बघितला आणि न बोलता बसवून दिला. सुईचं रबर तीन महिन्यांनी खोलून बघितलं, फुगलेलं नाही, खाच नाही. वाटीत पावडर नाही.

गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाइप पुढच्या पावसाळ्याआधी परत बघणार. ७५ चा जुना जेट आगपेटीत कापसात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवलाय, वर आप्पांनी त्यांच्या अक्षरात चिकटवलंय: "मेन जेट ७५, कंपनीचा. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला."